दात्याला ‘आत या’ म्हणू नका

मलेरिया खात्यात नोकरी केलेल्या माणसाजवळ किस्से साचतातच. दिवसभर दारोदार हिंडायचं आणि “घरात कुणाला ताप आहे का?” एवढं एकच विचारायचं. लोक तापाखेरीज बाकी सगळं सांगतात! सासूचं सांगतात, म्हशीचं सांगतात, भावकीचं सांगतात. माझे जोडीदार चहाला बसले की असले किस्से सांगून हसत लोळायचे. माझं मात्र उलटं होतं. त्यांच्या किश्शांत फजिती लोकांची व्हायची, माझ्या किश्शांत ती माझीच व्हायची. आता तुम्ही हट्टच धरलाय म्हणून सांगतो, पण सांगताना माझ्या तोंडाकडे बघू नका. एवढी वर्षं झाली तरी मला अजून लाज वाटते.

गोष्ट पवनेचं धरण अजून व्हायचं होतं तेव्हाची. मी राहायला घोरावाडी स्टेशनाजवळ, आणि माझी हद्द सोमाटण्यापासून पार तिकोणा पेठेच्या वरच्या वाड्यांपर्यंत. एक खडखडणारी सायकल आणि खांद्याला पेटी. पेटीत सुया, स्पिरिट, कापूस, काचेच्या स्लाइडी आणि त्या कडूजहर पांढऱ्या गोळ्या. कुणाला ताप असला की बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि स्लाइड लोणावळ्याच्या ऑफिसात पोचवायची. तिथे आमचे वामनराव सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले असायचे. कुणाच्या रक्तात हिवताप आहे आणि कुणाच्या नाही, हे तेच सांगायचे.

ऐकायला सोपं वाटतं. पण सुई दिसली की गाव रिकामं! बायका बांधावर, गडी माळ्यावर, आणि घरात फक्त मांजर. तापानं फणफणलेला माणूससुद्धा मला बघून असा पळायचा की मला वाटे, याला गोळ्यांची गरजच काय?

वामनराव कोऱ्या स्लाइडी रद्दीच्या कागदात गुंडाळून द्यायचे. रद्दी लोणावळ्याच्या बाजारातली. मुंबईकरांच्या बंगल्यांतून सुट्टी संपली की इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांचे गठ्ठे निघत, ते सुटे होऊन वाण्याकडे जात, आणि त्यातलेच काही आमच्याकडे येत. एक दिवस तिकोण्याखालच्या ठाकरवाडीत मी पेटी उघडली, तर स्लाइडींभोवतीच्या पानावर एक माणूस होता. पांढराफटक चेहरा, काळा झगा, सुळे हे एवढे लांब, आणि तो एका बाईच्या मानेवर वाकलेला!

वाडीतले थोरले धोंडूआबा माझ्या खांद्यावरून बघत होते. “ह्यो कोन वो, भाऊ?”

माझं इंग्रजी मॅट्रिकला नापास होण्याइतकं होतं. मी म्हणालो, “हा विलायतेतला सरदार आहे, आबा. मेलाय, पण मेलेला राहत नाही. माणसांचं रक्त पिऊन जगतो.”

“आन् दात बगा की मेल्याचं!” आबांची बायको ठमामावशी म्हणाली, आणि तिथेच त्याचं नाव दात्या पडलं.

बघता बघता अंगणात माणसं जमली. माळ्यावरचे गडी खाली आले. मी दात्याच्या एकेक पावरी, म्हणजे अचाट शक्ती, सांगत होतो, लोक आ वासून ऐकत होते, आणि त्या नादात मी तीन तापकऱ्यांच्या बोटांना टोचलं तरी एकानंसुद्धा हूं केलं नाही. लोणावळ्याला वामनरावांनी विचारलं, “केदारी, आज एवढ्या स्लाइडी? काय केलंत काय?”

“रक्त पिणाऱ्याची गोष्ट सांगितली,” मी म्हणालो.

वामनरावांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. “आणि रक्त घेतलंत?”

“हो.”

“एकाच वेळी?” एवढंच विचारून ते पुन्हा कामाला लागले.

*

आता झालं काय, वाडीला दात्याचं वेड लागलं. मी फेरीवर आलो की “दात्या आनला का?” पहिला प्रश्न हा. मीही वामनरावांच्या मागे लागून त्याच पुस्तकाची पानं शोधून घ्यायचो. पण रद्दीतली पानं, ती कशी यायची? एका फेरीला दात्याच्या छातीत मेख ठोकलेली, राख झालेली, सगळं आटोपलेलं. पुढच्या फेरीच्या पानावर तोच दात्या टेबलाशी बसून पाहुण्यांशी हसतोय!

“ह्यो तर मेलता न्हवं?” धोंडूआबा म्हणाले.

आता काय सांगायचं? मी ठोकून दिलं, “आबा, त्याला मेख ठोकली की तो नव्यानं जन्मतो. ही त्याची सगळ्यात मोठी पावर.”

“मंग लोक मेख ठोकत्यात कशाला?”

“त्यांना माहीत नसतं ना!”

वाडी हळहळली. पुढे एका पानात बाईचे केस काळे, दुसऱ्यात पिवळे. मी सांगितलं, दात्याची नजर पडली की केस पिकतात, पण विलायतेत ते पांढरे न होता पिवळे होतात. एका पानावर तर दात्या कमरेपासून खाली नव्हताच. तेव्हा मला सुचलं की तो अर्धाच उडतो, पाय घरी ठेवतो. पोरांनी वाडीभर त्या पायांची शोधाशोध केली.

वामनरावांना हे सांगताना मी अगदी रंगात आलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या पिशवीतली पानं टेबलावर मांडली आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“केदारी, हे काय आहे?”

आकडा होता. प्रत्येक पानावर होता. मेलेला दात्या पुस्तकाच्या शेवटाकडचा होता आणि हसणारा दात्या सुरुवातीचा. काळ्या केसांची बाई वेगळी, पिवळ्या केसांची वेगळी. आणि दात्याचे पाय वाण्यानं हिंगाच्या पुडीला वापरले होते.

मी इतके दिवस आकडे बघितलेच नव्हते! माझे कान तापले. मलाच ताप आलाय की काय, असं वाटलं. मी म्हणालो, “वामनराव, आता मी वाडीत काय सांगू?”

ते म्हणाले, “खरं सांगा.”

त्यांचं बरोबर होतं. पण सायकलवरून तिकोण्याच्या वाटेला लागलो की खरं सांगायचं धैर्य दर मैलाला थोडं थोडं गळायचं. वाडीत पोचेपर्यंत काहीच उरायचं नाही.

*

सोमाटण्याच्या फाट्यावर गणपत न्हाव्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांचा बाक आणि शेजारच्या चहावाल्याशी मिळून एकच भिंत. दात्याची कीर्ती तिथवर पोचली होती. एकदा मी दाढीला बसलो, तर बाकावरच्या लोकांनी पावरी सांगायला लावल्या. मी म्हणालो, “आणि एक. दात्या आरशात दिसत नाही.”

गणपतचा वस्तरा हवेतच थांबला. “दिसत न्हाई?”

“अजिबात नाही.”

“मंग त्याची दाढी कोन करतं? गाल तर तुळतुळीत हाय म्हनं.”

“नोकर करत असेल.”

“नोकर त्याच्या मानेवर वस्तरा धरतो, आन् दात्या नोकराच्या मानेकडं बघत गप बसतो? काय बोलताय भाऊ!”

बाकावरचे लोक खो खो हसले. मीही हसलो. तेवढ्यात गणपतनं भिंतीवरचा आरसा काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

“हे काय?” मी विचारलं.

“न्हाई, आपलं बगून घ्येतो. रगत घ्येनारं मानूस हाय, खातरी केल्याली बरी.” मग वळून त्यानं बाकावरच्यांना सांगितलं, “दिसतोय! दिसतोय!”

तेव्हापासून मी दुकानात पाऊल टाकलं की कुणी तरी ओरडायचं, “आदी दिसा!” आणि साबण लावायच्या आधी मला आरशापुढे उभं राहून दिसावं लागायचं. नवी गिऱ्हाइकं विचारायची, हे कोण? गणपत सांगायचा, “सरकारी मानूस हाय. तपासून घ्यावा लागतो.” मी तळेगावात दाढी करायला लागलो.

*

याच्यापुढचा किस्सा आठवला की घास घशात अडकतो.

पवन मावळातल्या एका गावात पाटलांच्या घरी माझी दुपारची भाकरी ठरलेली असायची. पाटलीणबाई मायाळू, त्यांचा हात सढळ. त्या दिवशी पंगतीला घरातली दहा-बारा माणसं होती. दात्याचा विषय निघाला आणि मी सांगितलं, की त्याला लसूण चालत नाही. लसणाचा वास आला तरी तो तडफडतो.

पाटील गडगडाटी हसले. “मंग मावळात आला तर उपाशी मरंल की! हितं तान्ह्या पोराच्या तोंडाला बी लसनाचा वास येतो.”

सगळे हसले, मीही हसलो. पाटलीणबाई ठेचा वाढत आल्या. मिरची आणि लसूण, तेलात परतलेला, वास असा की बाजूच्या गावाला भूक लागावी. त्या माझ्या ताटापाशी वाकल्या आणि मी नेहमीप्रमाणे हात आडवा धरला. “नको वहिनी, मला लसूण चालत नाही.”

पंगतीतले हात ताटातच थांबले.

झालं होतं असं, की चातुर्मास चालू होता. आमच्या घरी आई चातुर्मासात कांदा-लसूण शिजू देत नसे. आषाढी एकादशीपासून आम्ही कुणी तोंडाला लावत नव्हतो. आता हे कुणालाही समजण्यासारखं आहे. पण एक घास चावायला लागतो तेवढ्या वेळापूर्वी मी जे बोललो होतो, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. पाटलांची धाकटी सून पदर ओढून चुलीमागे सरकली.

“चातुर्मास आहे, वहिनी,” मी घाईघाईनं म्हणालो. “आईचं व्रत आहे.”

“व्हय की,” पाटलीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तरी एक पाकळी खाऊन दाखवता का, भाऊ? आयला आमी न्हाई सांगनार.”

मी खाल्ली नाही. आईला दिलेला शब्द होता. पण ताटावरून मान वर करायची माझी छाती झाली नाही. हात धुवायला उठलो तेव्हा अख्खी पंगत माझ्या दातांकडे बघत होती.

*

लसणाची गोष्ट माझ्या सायकलच्या आधी वाडीत पोचली. आणि तिथे तर मी त्याच्याही आधी एक घोळ घालून ठेवलेला होता.

घोळ असा. एका पानावर दात्या उंबऱ्याबाहेर उभा होता आणि घरातली मुलगी दार उघडून त्याला बोलावत होती. मी सांगितलं, “दात्याचा हा नियम आहे. घरातल्या माणसानं ‘आत या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.”

धोंडूआबांना हे फार लागलं. “मंग आपल्याकडं त्याला काय अवघड हाय? आपन तर वाटसरूला बी ‘या, बसा, पानी प्या’ म्हनतो. भाऊ, ह्यो मावळात आला तर एका दिसात सगळी घरं पालथी घालंल!”

“तेच तर!” मी म्हणालो. कशाला म्हणालो, देव जाणे.

झालं. लसणाची बातमी पोचल्यानंतर मी वाडीत गेलो, तर मला कुणी ‘या’ म्हणेना! आधी अंगणात सायकल टेकवायच्या आत घोंगडी अंथरली जायची. आता प्रत्येक दारात बाई उभी, हसतेय, “बरं हाय न्हवं भाऊ?” विचारतेय, पण ‘या’ नाही आणि ‘बसा’ नाही. पाणी मागितलं तर तांब्या अंगणात ठेवून ती मागे सरायची. दारांवर लसणाच्या गड्ड्या टांगलेल्या. मी भर उन्हात उभा, पेटी खांद्याला, आणि घरात तापानं कण्हणाऱ्या माणसाचा आवाज मला बाहेर ऐकू येतोय.

नेमके त्याच महिन्यात आमचे इन्स्पेक्टर पेंडसेसाहेब तपासणीला आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट, अंगानं उंच आणि गोरेपान. चढ चढून घामाघूम झालेले. धोंडूआबांच्या दारात उभे राहून ते मोठ्यानं म्हणाले, “काय आबा, आत बोलावणार नाही का?”

आबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, “भाऊ, खरं सांगा. ह्यो तोच का?”

साहेबांनी मला विचारलं, “कोण तोच?”

मी म्हणालो, “साहेब, त्यांना वाटलं तुम्ही तालुक्याचे बीडीओ.” ठमामावशी आतून एक छोटा आरसा घेऊन आली आणि साहेबांसमोर धरला. साहेबांना वाटलं पाहुणचाराची रीत असेल. त्यांनी हॅट काढून त्यात केस सारखे केले.

“दिसतोय,” मावशी म्हणाली. “पन लसून इच्यारा.”

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, “केदारी, लोकांनी माणसाला साधं बसा पण म्हणू नये? अशी कशी ही माणसं?” मावळातल्या माणसांना पाहुणचारावरून कुणी नावं ठेवलेली मी जन्मात ऐकली नव्हती. ती माझ्यामुळे ठेवली गेली आणि मी मुकाट ऐकून घेतलं. याची मला त्या आरशाहून आणि लसणाहून जास्त लाज वाटते.

*

पण ही सगळी हसण्यावारी न्यायची लाज झाली. आता सांगतो ती तशी नाही.

धोंडूआबा आणि ठमामावशीची सून काशी. नवरा लोणावळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये, पंधरा दिवसांनी घरी यायचा. काशीला दिवस गेले होते. पाचवा महिना. मी एकदा फेरीवर गेलो तर आत कुणी तरी थरथरत होतं, दातांवर दात वाजत होते. मी विचारलं तर आबांनी सांगितलं, “काशीला एक दिसाआड थंडी वाजून येतीया.”

एक दिवसाआड थंडी म्हणजे हिवताप, हे माझ्या सायकललासुद्धा माहीत होतं. मी म्हणालो, “आबा, आत्ताच्या आत्ता रक्त घेतो.”

आबांनी मान खाली घातली. ठमामावशी दार अडवून उभी राहिली. “न्हाई भाऊ. तिचं रगत न्हाई घ्यायचं.”

“का?”

मावशीनं आबांकडे बघितलं. आबाच शेवटी म्हणाले, “तुमीच सांगितलंय न्हवं? पाळन्याचं?”

मीच सांगितलं होतं. एका पानावर दात्या पाळण्यावर वाकला होता. मागचं पान नव्हतं, पुढचं नव्हतं. लोकांनी विचारलं, हा पाळण्याशी काय करतोय? आणि मी माझ्या शहाणपणानं सांगून बसलो होतो, “ज्या बाईचं रक्त त्यानं एकदा घेतलं, तिचं पोर त्याचं होतं. ते न्यायला आलाय तो.” तेव्हा वाडीतल्या बायकांच्या अंगावर काटा आला होता आणि मला आपण फार छान सांगितलं असं वाटलं होतं!

मी खूप विनवलं. हात जोडले. शेवटी मावशी आत गेली, दार लोटलं, आणि थोड्या वेळानं दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. नुसता हात. मी घाईघाईनं बोट पुसलं, सुई टोचली. बोट असं टणक, की सुई घसरली! मला वाटलं, शेतातलं काम, असेल. दुसऱ्यांदा टोचून थेंब घेतला, गोळ्या हातावर ठेवल्या, हात आत गेला. “गिळल्या का?” मी ओरडलो. “गिळल्या,” आतून पुटपुटल्यासारखं आलं.

लोणावळ्याला वामनरावांनी स्लाइड बघितली, पुन्हा बघितली. “काही नाही यात.”

“असं कसं? दिवसाआड थंडी वाजतेय तिला!”

“केदारी, पोटुशी बाई आहे. हिवताप असेल आणि औषध नाही मिळालं, तर तिच्यावर आणि पोरावर दोघांवर बेतेल. पण या स्लाइडमध्ये ताप नाही. रक्त तिचंच होतं ना?”

“म्हणजे काय!” मी म्हणालो.

तरी मन मानेना. मी दुसऱ्या दिवशीच वाडी गाठली. अंगणात ठमामावशी धान्य पाखडत बसली होती. मला बघताच सूप खाली आपटलं आणि कान धरून म्हणाली, “काय गोळ्या दिल्या वो भाऊ! काल धरनं माज्या कानात भुंगा घुमतोय. वाकलं की जमीन फिरतीया!”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. जन्मभर जात्याचा खुंटा धरलेलं, घट्टे पडलेलं बोट. टोकाला सुईच्या दोन खुणा.

तिच्याही लक्षात आलं, पण तिनं हात लपवला नाही. उलट सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “माजं घ्या की रगत. लागंल तेवडं घ्या. माजं आता काय नेनार त्यो? पन तिच्या पोटातल्याला हात लावू नगा.”

त्या म्हातारीनं सुनेसाठी, आणि अजून न जन्मलेल्या नातवंडासाठी, माझ्या थापेपुढे आपलं बोट धरलं होतं. वर त्या कडू गोळ्याही मुकाट गिळल्या होत्या. मी अंगणात मटकन बसलो. बसा म्हणायची वाटही बघितली नाही.

*

वामनरावांनी तोवर बाजारातला सगळा गठ्ठा धुंडाळून पानं लावून ठेवली होती. ती मी मागून घेतली आणि लगेच परत वाडीत गेलो. वाटेत धैर्य गळायला लागलं की पायडल जोरात मारायचो.

धोंडूआबांच्या अंगणात सगळी वाडी जमवली. पानं आकड्यांप्रमाणे घोंगडीवर मांडली आणि म्हणालो, “आबा, मावशी, मी तुम्हाला खोटं सांगत आलो.”

वाडी घोंगडीवरच्या पानांकडे वाकून बघायला लागली.

“दात्या मेख ठोकल्यावर परत जन्मत नाही. पानं उलटसुलट होती. केस नजरेनं पिवळे होत नाहीत, त्या दोन बायका आहेत. त्याचे पाय वाण्यानं फाडले. आणि हा पाळणा...” मी त्या पानावर बोट ठेवलं. “हे पान पहिल्या पानांतलं आहे. तेव्हा दात्या दात्या झालाच नव्हता. साधा माणूस होता. पाळण्यातलं पोर त्याचं स्वतःचं आहे. तो त्याला झोके देतोय. कुणाचं पोर नेण्याची पावर त्याला कधीच नव्हती. ती मी बनवली.”

बोलून झालं तेव्हा माझे डोळे भरले होते. एवढ्या माणसांसमोर रडताना लाज वाटत होती आणि न रडण्याचीही लाज वाटली असती.

धोंडूआबांनी ते पान उचललं, उन्हात धरलं, बराच वेळ बघितलं. “झोकं देतोय व्हय,” ते हळूच म्हणाले. “बापाचाच हात हाय ह्यो. आमाला तवाच दिसाया पायजे व्हतं.” मग मान हलवत म्हणाले, “पन अर्ध्या अंगानं उडायचं लय भारी व्हतं, भाऊ. ते बी खोटं?”

“ते पण खोटं, आबा.”

सगळ्या वाडीनं निःश्वास टाकला. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ठमामावशी उठली. दारावरची लसणाची गड्डी काढून तिनं ओच्यात टाकली, आणि कितीतरी दिवसांनी मला तो शब्द ऐकू आला.

“या, भाऊ. आत या.”

मी उंबरा ओलांडला. काशी भिंतीला टेकून गोधडीत बसली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. अंगणातलं सगळं तिनं आतून ऐकलं होतं. मी पेटी उघडली, स्लाइड काढली, कापसावर स्पिरिट घेतलं. तिनं बोट पुढे केलं. मी सुई टेकवणार, तोच तिनं ते पुन्हा गोधडीत ओढलं.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“पोर त्याचं व्हतं म्हनालात न्हवं,” काशी क्षीण आवाजात म्हणाली. “मंग त्याला बायकू बी असंल.”

“होती.”

“तिचं फुडं काय झालं?”

बायको पहिल्या पानांत होती, मग दिसलीच नाही. शेवटची पानं गठ्ठ्यात नव्हती. कुठल्या तरी पुडीला बांधून ती लोणावळ्यातून कुठे गेली, कुणास ठाऊक! मी मागे वळून पाहिलं. दारात धोंडूआबा, त्यांच्यामागे अख्खी वाडी माना उंचावून उभी.

“आदी सांगा,” काशी म्हणाली. “मंगच टोचा.”

तिला पुन्हा थंडी भरायला लागली होती. गोधडी हलत होती. मी घसा खाकरला.

“तर काय झालं,” मी सुरुवात केली, “ती बायको...”

काशीनं बोट हळूच बाहेर काढून माझ्या हातात दिलं. ठमामावशीनं सुनेच्या पाठीशी बसून तिला कुशीत घेतलं आणि माझ्याकडे बोट रोखून बजावलं,

“आन् आता खरं सांगा, हां!”